मापे येतात कुठून? रोबोट स्पर्धेसाठी कॅड शिकू पाहणाऱ्या गटाला उत्तर

डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयातील पाच विद्यार्थ्यांनी मिळून विचारलेला प्रश्न असा आहे: आम्हाला फर्स्ट टेक चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरायचे आहे. दोन महिने व्हिडिओ पाहून कॅडचा, म्हणजे संगणकावर भागांची डिझाइन काढण्याचा, सराव केला, व्हिडिओतला गिअरबॉक्स जसाच्या तसा काढलाही. पण स्वतःचा रोबोट काढायला बसलो की पहिली रेघसुद्धा सुचत नाही. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, सुरुवात कुठून करावी आणि शाळेतल्या साध्या संगणकावर हे जमेल का?

मी गेली अठरा वर्षे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जिग आणि फिक्श्चर (काम चालू असताना भाग नेमक्या जागी पकडून ठेवणारी साधने) यांची डिझाइन करतो, आणि त्यांतली शेवटची काही वर्षे संध्याकाळी फोंडा परिसरातील मुलांच्या रोबोट गटांबरोबर बसतो. तुमची अडचण मी जवळजवळ प्रत्येक नव्या गटात पाहिली आहे, आणि तिचे कारण सॉफ्टवेअर नव्हे. व्हिडिओत सांगणारा म्हणतो, येथे ४२ लिहा, तेथे ६ चे भोक पाडा, आणि आपण लिहितो. ते ४२ आले कुठून, हे तो सांगत नाही, कारण तो निर्णय त्याने व्हिडिओ सुरू होण्याआधीच घेतलेला असतो. तुम्ही दोन महिन्यांत आज्ञा शिकलात, त्या वाया गेलेल्या नाहीत. फक्त मापे कुठून येतात ते शिकायचे राहिले आहे. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा हात गाडीच्या वायपरच्या मोटरवर हलवणारी आमच्या वाड्यावरची पोरे कॅड शिकायला आली, तेव्हा ती इतरांच्या दुप्पट वेगाने शिकली, कारण बांबू कुठे अडेल आणि मोटर कशाला बांधायची याचा हिशेब त्यांच्या हातात आधीपासून होता.

सॉफ्टवेअरचा प्रश्न लवकर संपवतो. तुम्ही ऑनशेप हे कॅड सॉफ्टवेअर घ्या. ते ब्राउझरमध्ये चालते, संगणकात काही बसवावे लागत नाही, त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतले जुने संगणकही चालतात; आणि पाचही जण एकाच वेळी एकाच फाइलमध्ये काम करू शकता, हा गटाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा आहे. विद्यार्थ्यांसाठीचे खाते विनामूल्य मिळते, तेच उघडा. साध्या विनामूल्य खात्यातली कामे सर्वांना खुली दिसतात. दोष एवढाच की इंटरनेट गेले की काम थांबते, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते किती वेळा जाते हे सांगायला नको. ज्यांच्या घरी बरा संगणक आहे त्यांनी फ्यूजन हे दुसरे कॅड सॉफ्टवेअर वापरले तरी बिघडत नाही. फ्रीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून ते पुष्कळ सुधारलेही आहे, पण पहिल्या शिक्षणासाठी मी ते सुचवणार नाही. गोवा सरकारच्या केअर्स योजनेमुळे ज्या मुलांना शाळेतच रोबोटिक्सची ओळख झाली, त्यांतल्या काहींना टिंकरकॅड या सोप्या कॅडची सवय असते. तेथे ठोकळे जोडून आकार होतो, पण एक माप बदलले की बाकीची आपोआप बदलावीत अशी रचना त्यात नाही, आणि रोबोटच्या कामात तर माप रोज बदलते.

आता सुरुवातीबद्दल. डोक्यातला रोबोट काही दिवस बाजूला ठेवा आणि हार्डवेअरच्या दुकानातून दरवाज्याची एक साधी लोखंडी बिजागरी आणा. सोबत एक व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची सरकत्या जबड्याची पट्टी) घ्या, शक्यतो डिजिटल. बिजागरीची दोन पाने आणि मधली पिन असे तीन भाग स्वतंत्र काढायचे आणि मग जोडायचे, एवढाच पहिला अभ्यास. ऐकायला बालिश वाटेल, परंतु रोबोटचा हात म्हणजे शेवटी मोटर लावलेली बिजागरीच असते. पानाची जाडी मोजाल तेव्हा ती तीन ठिकाणी थोडी वेगवेगळी भरेल, आणि कोणते माप धरायचे हे तुम्हाला ठरवावे लागेल. पिनचा व्यास आणि ती ज्यात फिरते त्या नळीचा आतला व्यास यांत फरक सापडेल. तो फरक कारखान्याची चूक नसून मुद्दाम ठेवलेली ढिलाई आहे, कारण दोन्ही व्यास सारखे असते तर बिजागरी फिरलीच नसती. स्क्रूची भोके वरच्या बाजूला पसरट का आहेत, एका पानाला तीन आणि दुसऱ्याला दोन गाठी का आहेत, हे सारे मोजता मोजता कळते. कोणत्याही व्हिडिओत ते मला इतके नेमके सापडलेले नाही.

बिजागरी काढताना एक शिस्त पहिल्याच दिवशी लावून घ्या. स्केचमधली जी रेघ पूर्णपणे बांधलेली नाही, म्हणजे जिचे माप आणि जागा ठरलेली नाही, ती निळी दिसते, बांधली गेली की काळी होते. आयत काढला आणि त्याच्या बाजू आडव्या-उभ्या केल्या तरी चार गोष्टी मोकळ्या राहतात: लांबी, रुंदी, आणि मूळबिंदूपासून (स्केचच्या शून्य बिंदूपासून) आडवे व उभे अंतर. या चारही ठरल्याशिवाय पुढे जायचे नाही. निळी रेघ म्हणजे न घेतलेला निर्णय, आणि तो तुम्ही घेतला नाहीत तर कधीतरी माउसचा चुकून लागलेला धक्का घेईल. वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर मूळबिंदू तिच्या मध्यावर ठेवा, म्हणजे चारांतली दोन मापे लिहावीच लागत नाहीत. कोपऱ्यांच्या गोलाया स्केचमध्ये काढू नका, त्या शेवटी घ्या. आणि स्क्रूला आटे काढण्याचा मोह टाळा, त्याने दिसायला छान वाटते पण फाइल विनाकारण जड होते.

बिजागरीनंतर मोटर घ्या. येथे मी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचे कोरे पान येथेच भरू लागते.

बाजारात सर्रास मिळणारी ३७ मिमी व्यासाची गिअर मोटर हातात धरा. तिचा शाफ्ट, म्हणजे बाहेर आलेला फिरणारा दांडा, ६ मिमीचा आहे, एका बाजूने सपाट घासलेला. तोंडावर एम-३ ची, म्हणजे ३ मिमीच्या स्क्रूची, सहा भोके आहेत. समोरासमोरच्या दोन भोकांमधले अंतर मोजायचे असेल तर व्हर्नियर भोकांच्या मध्यावर कधीच धरता येत नाही; म्हणून आतल्या कडांमधले अंतर घ्या, बाहेरच्या कडांमधले घ्या, आणि दोन्हींची सरासरी काढा. आत २८.५ आणि बाहेर ३३.५ आले तर मध्यांतर ३१, म्हणजे ती सहा भोके ३१ मिमीच्या वर्तुळावर ६० अंशांनी बसवलेली आहेत. आता शाफ्ट पाहा. तो मोटरच्या मध्यावर नाही! तो ७ मिमी बाजूला आहे, कारण आतली गिअरची रांग तेथे संपते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण हा शाफ्ट न मोजता मध्यावर काढतात, आणि मग प्लेट कापून आल्यावर गिअर एकमेकांना लागतच नाहीत किंवा दातांवर दात चढतात.

तेव्हा मोटरच्या प्लेटचे स्केच मोटरच्या मध्यापासून सुरू न करता शाफ्टच्या मध्यापासून करा, कारण पुढची सारी अंतरे शाफ्टपासून मोजली जाणार आहेत. मग मोटरचा मध्य त्यापासून ७ मिमीवर, पण कोणत्या दिशेने? हा पहिला खराखुरा निर्णय आहे. समजा १०० मिमी व्यासाचे चाक थेट या शाफ्टवर बसवायचे आहे, म्हणजे शाफ्ट जमिनीपासून ५० मिमी उंच राहील. मोटरची त्रिज्या १८.५ मिमी आहे. तिचे शरीर शाफ्टच्या खाली लोंबले तर सर्वांत खालचा बिंदू शाफ्टपासून २५.५ मिमी खाली जातो आणि जमिनीपासून २४.५ मिमी मोकळे राहतात. तीच मोटर उलटी, शरीर वर करून बसवली तर ३८.५ मिमी मोकळे राहतात. मोटर तीच, भोके तीच, पण मैदानावरच्या अडथळ्यावरून रोबोट जाणार की त्यावर पोट टेकून बसणार हे या १४ मिमीवर ठरते. तुम्ही लिहिलेत की रेघ सुचत नाही. येथे तुम्हाला काही सुचावेच लागत नाही, मोटर आणि चाक मिळून माप सांगतात.

गिअरचेही असेच आहे. मॉड्यूल १ चा (मॉड्यूल म्हणजे गिअरच्या दाताच्या आकाराचे माप) २० दातांचा गिअर मोटरवर आणि ६० दातांचा चाकाच्या शाफ्टवर असेल, तर दोन शाफ्टमधले अंतर म्हणजे दातांच्या बेरजेची निम्मी संख्या गुणिले मॉड्यूल, अर्थात ४० मिमी. तयार धातूच्या गिअरसाठी त्यात ०.१ मिमी वाढवावे, घरी प्रिंट केलेल्या गिअरसाठी ०.२. हे ४०.१ तुम्ही निवडलेले नाही, दातांनी निवडले आहे. बेअरिंगचेही तसेच: ६०८ क्रमांकाचे बेअरिंग कुठेही घ्या, आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिमी. आणि रोबोटच्या सुट्या भागांच्या तयार संचातले भाग वापरणार असाल तर काम आणखी सोपे आहे. गोबिल्डा कंपनीच्या चॅनेलवर (पन्हळीसारख्या धातूच्या पट्टीवर) भोके ८ मिमीच्या जाळीवर असतात आणि स्क्रू एम-४ चे. रेव्ह कंपनीच्या संचात १५ मिमीचे सेक्शन आणि एम-३ चे स्क्रू. संच निवडलात की निम्मी मापे निवडली गेली. त्यामुळे पहिल्या वर्षी संचाचे भाग आणि दोन-तीन स्वतःच्या प्लेट, एवढेच करा. सगळे स्वतः बनवण्याची हौस रोबोकॉनमध्ये उतरणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांना शोभते, त्यांच्याकडे लेथ असतो आणि रात्री जागायला वसतिगृह असते.

कंपन्या आपल्या मोटरची आणि चॅनेलची तयार मॉडेले स्टेप या, बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या, फाइलमध्ये देतात. ती जरूर वापरा, पण एकदा व्हर्नियरने ताडून पाहूनच. स्वस्त मोटर दोन वेगवेगळ्या खेपांतून घेतल्या तर शाफ्टच्या लांबीत फरक निघालेला मी स्वतः पाहिला आहे.

हे भाग जमले की मग संपूर्ण रोबोट. तोही भागांपासून नव्हे, एका साध्या स्केचपासून. बाजूने पाहिलेला रोबोट डोळ्यांसमोर आणा: एक आडवी रेघ म्हणजे जमीन, तिच्यावर ४५७ मिमीचा चौरस, कारण फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये सुरुवातीला रोबोट १८ इंची घनात मावावा लागतो. चौरसाच्या आत १० मिमी सोडून दुसरा चौरस काढा आणि तोच तुमचा खरा माना. बाहेर येणारी वायर, स्क्रूचे डोके, किंचित वाकलेली प्लेट यांना ते १० मिमी लागतात. आत चाकांची दोन वर्तुळे, हाताचा खांदा म्हणून एक बिंदू, आणि त्या बिंदूपासून हाताच्या दोन रेघा, एक घडी केलेली आणि एक पूर्ण उचललेली. या दोन रेघांची लांबी सारखी बांधा. मग खांद्याचा बिंदू ओढून पाहा. घडी केलेला हात चौकटीत मावेल आणि उचललेला हात हव्या त्या उंचीला पोचेल अशी जागा बहुधा एका छोट्याशा पट्ट्यातच सापडते. कधी कधी ती सापडतच नाही, आणि मग हाताला दोन सांधे द्यावे लागतील हे तुम्हाला वीस मिनिटांत कळते, जे अन्यथा दोन आठवड्यांनी आणि दोन प्लेट वाया घालवून कळले असते.

हाताच्या वजनाचा हिशेबही येथेच होतो. प्रत्येक भागाला त्याचे मटेरियल नेमून द्या, म्हणजे सॉफ्टवेअर वजन आणि गुरुत्वमध्य दोन्ही सांगते. पण त्यावर आंधळा विश्वास नको म्हणून एकदा कागदावर करा: ३०० बाय २०० मिमीची, ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट १८० घन सेंटीमीटर भरते, गुणिले २.७, म्हणजे ४८६ ग्रॅम. अर्धा किलो! चार अशा प्लेट लावणारा गट मग चाके का दमतात असे विचारत येतो. तसेच ४०० मिमी लांब हाताच्या टोकाला अर्धा किलोची वस्तू उचलायची असेल तर खांद्याला २० किलो-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो, आणि हाताचे स्वतःचे वजन ३०० ग्रॅम असून त्याचा गुरुत्वमध्य १८० मिमीवर असेल तर आणखी ५.४. मोटरच्या जाहिरातीत लिहिलेला मोठा आकडा बहुधा मोटर अडून पूर्ण थांबते त्या क्षणाचा असतो. रोजच्या कामासाठी त्याच्या चौथाईपेक्षा जास्त धरू नका.

जोडणी पडद्यावर उत्तम बसली म्हणजे रोबोट बनवता येतो असे नाही, हे मी एका स्पर्धेत चांगलेच शिकलो. आमच्या गटाच्या रोबोटमध्ये मोटरचे चार स्क्रू चाकाच्या मागे आले होते. कॅडमध्ये कुठेही काही कशाला लागत नव्हते, मी स्वतः तपासले होते. दोन फेऱ्यांच्या मध्ये मोटर जळाली आणि ती बदलण्यासाठी चाक काढावे लागले, चाकासाठी बाहेरची प्लेट, प्लेटसाठी हाताचा आधार. आम्ही पुढच्या फेरीत उभेच राहू शकलो नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलमध्ये पान्याचेही मॉडेल ठेवतो. एम-४ च्या स्क्रूचे डोके ७ मिमी व्यासाचे आणि त्याची ॲलन की ३ मिमीची. ती इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची किल्ली काढा, प्रत्येक स्क्रूवर बसवून पाहा आणि निदान ६० अंश फिरते का ते बघा. षटकोनी भोकात पुन्हा पकडायला तेवढे लागतेच. जेथे फिरत नाही तेथे समोरच्या प्लेटला १० मिमीचे भोक पाडले की काम भागते.

भोकांबद्दल दोन शब्द. एम-३ च्या स्क्रूला ३.४, एम-४ ला ४.५ आणि एम-५ ला ५.५ मिमीचे भोक ठेवा. नेमके ३ चे भोक काढले तर स्क्रू जाणार नाही. थ्री-डी प्रिंटरवर भोके काढलेल्या मापापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी लहान येतात, आणि किती लहान हे तुमच्या प्रिंटरवर अवलंबून असते, म्हणून बेअरिंगसाठी २२.०, २२.१, २२.२ आणि २२.३ मिमीच्या चार पातळ कड्या प्रिंट करा आणि जिच्यात बेअरिंग अंगठ्याने दाबून बसते तिचे माप फाइलमध्ये लिहून ठेवा. पावसाळ्यात फिलामेंट, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, हवेतली ओल ओढते, ते हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. आणि पीएलए या प्लास्टिकचे प्रिंट केलेले भाग मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. साधारण ६० अंशांना ते मऊ पडतात, आणि उन्हात उभ्या गाडीत त्यांचे काय होते ते मी पाहिले आहे.

प्लेट कापायला देण्याआधी एक बिनखर्चाची चाचणी करा. स्केच कागदावर खऱ्या मापात छापा, सोबत १०० मिमीची एक रेघ छापा आणि ती पट्टीने मोजा. झेरॉक्सच्या दुकानात पान कागदात बसवण्यासाठी आपोआप थोडे लहान केले जाते, त्यामुळे ती रेघ ९६ किंवा ९७ भरते. छपाई शंभर टक्क्यांवर करायला सांगा. मग कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, भोके पाडा आणि खरी मोटर खऱ्या स्क्रूंनी पुठ्ठ्यावर बसवा. जे पुठ्ठ्यावर बसले नाही ते ॲल्युमिनियमवर बसणार नाही.

लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ, म्हणजे सपाट रेघांच्या चित्राची, फाइल द्यावी लागते. त्या फाइलमध्ये फक्त कापायच्या रेघा असाव्यात. मापाचे बाण, चौकट, नाव राहिले तर तेही कापले जाण्याचा धोका असतो. एकक मिलिमीटरच आहे ना, हे निर्यात करताना पाहा. माझ्याच हातून एकदा २५४ मिमीची प्लेट इंचांत गेली, आणि वर्कशॉपमधून फोन आला की साहेब, ही १० मिमीची प्लेट कोणाच्या घड्याळात बसवायची आहे. फाइलसोबत चार गोष्टी शब्दांत लिहा: मटेरियल, जाडी, नग, आणि एक पडताळणीचे माप, उदाहरणार्थ सर्वांत लांब बाजू २५४ मिमी. सपाट प्लेट डाव्या-उजव्या बाजूंना उलटवून लावता येते, तिच्यासाठी एकच फाइल पुरते. पण प्लेट वाकवायची असेल किंवा भोके एका बाजूने पसरट करायची असतील तर डावी आणि उजवी वेगळ्या द्याव्या लागतात, नाहीतर दोन डाव्या प्लेट घेऊन घरी याल. पॉलिकार्बोनेट लेझरवर देऊ नका, कडा जळून तपकिरी होतात. ते हॅक्सॉने किंवा राउटरवर कापा. ॲक्रिलिक लेझरवर सुंदर कापले जाते, पण धक्का बसला की तडकते, म्हणून ते चाकांजवळ नको.

आता तुम्हा पाच जणांत काम कसे वाटायचे ते. बाजूने पाहिलेल्या रोबोटचे ते मूळ स्केच एकाच व्यक्तीच्या ताब्यात द्या, त्यात बदल फक्त तिनेच करायचा आणि केला की बाकीच्यांना सांगायचे. दोघांनी चाके आणि मोटरच्या प्लेट घ्याव्यात, एकाने हात. पाचव्याने सुरुवातीला काहीच काढायचे नाही. त्याच्या हातात व्हर्नियर आणि एक वही असावी, आणि गटात आणलेला प्रत्येक भाग आधी त्याच्याकडे जावा. माप, तारीख आणि कोणत्या भागाचे, एवढे त्या वहीत आले की कॅडमध्ये ते माप त्याला विचारूनच लिहायचे. पहिल्या आठवड्यात हे काम कोणालाच नको असते, म्हणून दर पंधरवड्याला ते फिरते ठेवा.

बिजागरी झाली की तिची फाइल मला दाखवा. स्केच काळे आहे की निळे, हे मी आधी पाहणार आहे.